कोळशाच्या रुळांवरून करमणुकीकडे : लामार्कस थॉम्पसन यांची जीवनकथा

गेल्या उन्हाळ्यात पाहुणे आले म्हणून आम्ही सहकुटुंब न्यू जर्सीतल्या जॅक्सन गावच्या ग्रेट ॲडव्हेंचर बागेत गेलो होतो. तेथे १९७४ साली, बाग उघडली त्याच वर्षी सुरू झालेली रनअवे माइन ट्रेन नावाची एक गाडी आहे. खाणीतल्या डब्यांसारखे डबे, लाकडी खांबांवरून गेलेले रूळ, आणि चालकाशिवाय सुटलेल्या गाडीचा थाट. आमच्या घरातल्या मुलांना आता आकाशात उलटेपालटे करणारी यंत्रे हवी असतात, तेव्हा ही गाडी वडीलधाऱ्यांच्या वाट्याला आली. चढावर चढताना खालून खट् खट् असा आवाज येत होता. हा आवाज कशाचा, आणि मौजेच्या गाडीला खाणीचे सोंग का घ्यावेसे वाटले, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासून घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या गृहस्थांपाशी येऊन पोहोचलो, त्यांची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लामार्कस ॲडना थॉम्पसन यांचा जन्म ८ मार्च १८४८ रोजी ओहायो राज्यात लिकिंग परगण्यातील जर्सी या खेड्यात झाला. (आपल्या न्यू जर्सीशी त्या गावाचा संबंध नावापुरताच.) हात यंत्रात रमणारा मुलगा होता. बाराव्या वर्षी त्याने आईसाठी लोणी काढण्याची घुसळणी आणि वडिलांसाठी बैलगाडी बनवली असे त्याच्या चरित्रात सांगतात. सतराव्या वर्षी तो कसबी सुतार गणला जाऊ लागला. पुढे मिशिगनमधील हिल्सडेल कॉलेजात थोडे शिक्षण झाले, आणि मग इंडियाना राज्यातील एल्कहार्ट गावी त्यांनी बस्तान बसवले.

एल्कहार्टला त्यांनी प्रथम गाड्या बांधण्याचा धंदा केला. पण पैसा मिळाला तो पायमोज्यांत! शिवणीवाचून मोजे विणण्याच्या धंद्यात त्यांनी चांगला जम बसवला. एखादा माणूस तेवढ्यावर आयुष्यभर सुखाने राहिला असता. पण प्रकृतीने दगा दिला. कामाच्या ताणाने शरीर आणि मन दोन्ही थकले आणि त्यांना धंद्यातून अंग काढून घ्यावे लागले. वय पस्तिशीच्या आसपास, गाठीला पैसा, आणि करायला काही नाही. अशा रिकामपणात त्यांनी कागदावर रूळ आखायला घेतले.

आता या रुळांचे मूळ कोठे होते ते पाहिले पाहिजे, कारण आमच्या मते या कथेचे खरे मर्म तेथे आहे.

पेन्सिल्व्हेनियात लीहाय नदीच्या काठी मॉक चंक नावाचे गाव होते. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, अर्थ अस्वलाचा डोंगर. वर समिट हिल येथे दगडी कोळशाची खाण आणि खाली नदी, मधले अंतर नऊ मैलांचे. जोसाया व्हाइट आणि अर्स्काइन हॅझर्ड यांच्या लीहाय कोल अँड नॅव्हिगेशन कंपनीने १८२७ साली या उतारावर रूळ टाकले. इंजिन नव्हते, त्याची गरजही नव्हती. कोळशाने भरलेले डबे स्वतःच्या वजनाने खाली येत आणि रिकामे डबे खेचरे ओढून वर नेत. वर जायला तीन-चार तास, खाली यायला अर्धा तास. वर ओढायची तर खेचरे खाली आली पाहिजेत, म्हणून त्यांनाही एका डब्यात उभे करून खाली आणीत. असे सांगतात की त्या खेचरांना या सफरीची इतकी चटक लागली की, पुढे कोणी पायी उतरवू पाहिले तर ती जागची हलेनात. जगात मौजेखातर उतारगाडीचा हट्ट धरणारे पहिले प्रवासी ही खेचरेच म्हणावी लागतील.

१८४०च्या दशकात कोळशाची मागणी वाढली तेव्हा परतीचा वेगळा मार्ग बांधण्यात आला. माउंट पिस्गा या टेकडीवर ६६४ फूट उंचीचा सरळ चढ घातला आणि माथ्यावर वाफेची इंजिने बसवली. ती पोलादी पट्ट्यांनी डबे वर ओढीत. पट्टा तुटला तर? यासाठी रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी घातली होती आणि गाडीचा एक लोखंडी खटका त्या दात्यांवरून खट् खट् करीत वर सरके. ओढ सुटली तर खटका दात्यात अडकून गाडी जागीच थांबे. वाचकांना आमच्या जॅक्सनच्या आवाजाचा उगम येथे सापडेल. आजही रोलर कोस्टर चढणीवर असताना जो आवाज येतो तो याच तत्त्वाच्या खटक्याचा.

या मार्गाला स्विचबॅक म्हणत. डबे एका बाजूने उतरत जाऊन थांबत, सांधा बदले, आणि ते उलट दिशेने पुढचा उतार धरीत. महाराष्ट्रातल्या मंडळींना हे समजायला अवघड जाऊ नये. १८६३ साली बोर घाटातून रेल्वे गेली तेव्हा खंडाळ्याजवळ अशीच उलटफेर करण्याची जागा होती. तेथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने निघे. १९२९ पर्यंत ही पद्धत चालू होती. लोणावळ्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून तिचे वर्णन ऐकलेले वाचक आमच्यात असतील.

१८७२ साली नेस्क्वेहोनिंगचा बोगदा झाला, कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला आणि मॉक चंकची रेल्वे रिकामी पडली. ती मोडीत निघायची, पण प्रवासी तिच्यावर आधीपासूनच हौसेने बसत होते. तेव्हा अठरा मैलांचा तो सारा फेरा सहलीकरिता चालू ठेवण्यात आला आणि दूरदूरची माणसे केवळ घसरण्याकरिता तेथे येऊ लागली.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. ज्या वर्षांत सहलीची माणसे हसत-किंचाळत त्या उतारावरून येत होती, त्याच वर्षांत तेथील खाणकामगार फार हलाखीत होते. कामगार-मालक झगड्यात मॉली मॅग्वायर नावाच्या गुप्त मंडळीवर खुनांचे खटले झाले आणि २१ जून १८७७ रोजी दहा आयरिश माणसांना फाशी देण्यात आले, सहांना पॉट्सव्हिल येथे आणि चौघांना मॉक चंकच्या तुरुंगात. त्या खटल्यांत तपास खाजगी गुप्तहेरांचा होता आणि सरकारतर्फे खटला चालवण्यात खाणमालकांशी संबंधित वकील पुढे होते. त्यामुळे न्याय कितपत झाला याबद्दल इतिहासकारांना आजही शंका आहे. फाशीचा तुरुंग आणि मौजेची रेल्वे एका गावात, काही मिनिटांच्या अंतरावर. खाणीच्या गाडीची पुढे करमणूक झाली, पण मूळ गाडी कोणाच्या श्रमांवर चालत होती हे जाता जाता ध्यानात असावे, इतकेच.

थॉम्पसन यांना आपल्या गाडीची कल्पना मॉक चंकवरून सुचली असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यांच्या मनात आणखीही एक हेतू होता असे सांगतात. ते धार्मिक वळणाचे गृहस्थ होते आणि तरुण मुले दारूच्या गुत्त्यांत आणि त्याहून वाईट ठिकाणी सुट्टी घालवतात हे त्यांना खुपत असे. उघड्या हवेत, चारचौघांत, पाच सेंटांत घेता येईल अशी निर्मळ मौज निर्माण करावी असे त्यांच्या मनाने घेतले. आणि त्यासाठी त्यांनी जागा कोणती निवडावी? न्यूयॉर्कजवळचे कोनी आयलंड! घोड्यांच्या शर्यती, जुगार, बिअरचे अड्डे आणि बदफैली यांसाठी ते त्या काळी कुप्रसिद्ध होते. तेथला राजकीय पुढारी जॉन मॅकेन हा सारा कारभार मुठीत ठेवून होता. पुढे १८९४ साली निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दल तो तुरुंगात गेला. औषध घेऊन रोग्याच्या उशापाशी जावे तसे थॉम्पसन तेथे गेले. अर्थात गर्दीही तेथेच होती, आणि मोज्यांच्या व्यापाऱ्याला हे कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही.

जून १८८४ मध्ये त्यांची स्विचबॅक रेल्वे सुरू झाली. सुमारे सहाशे फूट लांब आणि पन्नास फूट उंच. वेग ऐकून वाचक हसतील, ताशी सहा मैल! दोन टोकांना दोन मनोरे आणि मध्ये लाटांसारखे खालीवर होत गेलेले लाकडी रूळ. उतारूंनी जिना चढून मनोऱ्यावर जायचे, बाकावर आडवे, म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसायचे. सेवकांनी गाडी ढकलायची, ती घसरत दुसऱ्या टोकाला पोहोचायची. मग सर्वांनी उतरायचे, सेवकांनी गाडी ढकलून दुसऱ्या रुळावर आणि उंचावर न्यायची, आणि पुन्हा बसून परत यायचे. आपल्याकडच्या जत्रेतला लाकडी पाळणा ज्याने हाताने फिरवलेला पाहिला आहे, त्याला या सेवकांच्या घामाची कल्पना येईल.

तिकीट पाच सेंट. रोजचे उत्पन्न सहाशे डॉलर्सच्या घरात गेले अशी नोंद आहे. म्हणजे दिवसाला बारा हजार तिकिटे झाली. घातलेले भांडवल तीनेक आठवड्यांत वसूल झाले. दारूचे अड्डे काही बंद पडले नाहीत. पण पाच सेंटांत बायकामुलांसह जाता येईल अशी एक जागा तेथे झाली, हे खरेच. २० जानेवारी १८८५ रोजी थॉम्पसन यांना या रचनेचे पेटंट मिळाले.

येथे त्यांच्या मोठेपणाचा हिशेब जरा चोख करावयास हवा. त्यांना रोलर कोस्टरचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ही कल्पना पहिल्याने त्यांना सुचली असे म्हणता येणार नाही. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे लाकडी चौकटींवर बर्फ थापून त्यावरून घसरण्याचा खेळ शंभर-दीडशे वर्षे आधीपासून होता. १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या उतारावरून सोडीत. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन भाषांत या खेळाला आजही रशियन डोंगर म्हणतात. आणि खुद्द रशियन लोक त्याला अमेरिकन डोंगर म्हणतात! अमेरिकेतही जॉन टेलर यांना १८७२ साली आणि रिचर्ड नुडसन यांना १८७८ साली अशा उतारगाड्यांची पेटंटे मिळाली होती. नुडसन यांचे पेटंट तर थॉम्पसन यांच्या गाडीशी पुष्कळच मिळते आहे. मात्र त्यांची गाडी कागदावरच राहिली. ज्याने प्रत्यक्ष लाकूड उभे केले, तिकीटखिडकी उघडली आणि ती चालवून दाखवली, त्याचे नाव राहिले. हे न्याय्य आहे की नाही यावर आमच्या घरी दोन मते पडली. आमचे स्वतःचे मत असे की, कल्पनेच्या मानाचा मोठा वाटा नुडसन यांना द्यावा, आणि धंदा म्हणून ती उभी केल्याचा मान थॉम्पसन यांचा निर्विवाद आहे.

हा मानही त्यांना सुखाने उपभोगता आला नाही. त्याच १८८४ साली चार्ल्स अल्कोक नावाच्या दुसऱ्या एका ओहायोकराने दोन्ही टोके जोडून सलग फिरणारी गाडी काढली. प्रवाशांना मध्ये उतरायला नको, पुन्हा जिना चढायला नको. १८८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलिप हिंकल यांनी भरलेली गाडीच यंत्राने चढावर ओढून नेण्याची सोय केली आणि बाके समोर तोंड करून बसवली. एका वर्षाच्या आत थॉम्पसन यांची गाडी जुनाट ठरली. कोनी आयलंडचे गिऱ्हाईक काही भिडेखातर जुन्या गाडीत बसणारे नव्हते.

थॉम्पसन यांचा खरा कस येथे लागला असे आम्हांस वाटते. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा गाडी अधिक वेगाने पळवावी हा सरळ मार्ग त्यांनी धरला नाही. प्रवाशाला घसरताना काहीतरी पाहायला द्यावे, असा विचार त्यांनी केला. १८८७ साली जेम्स ग्रिफिथ्स यांच्या जोडीने त्यांनी अटलांटिक सिटी येथे सीनिक रेल्वे सुरू केली. नकली खडक, गुहा, बोगदे, दूरदेशींचे देखावे यांमधून गाडी जाई. आत मिट्ट काळोख असे. गाडी जवळ येताच तिच्या चाकांनी रुळाजवळची कळ दाबली जाई आणि एकदम दिवे लागून देखावा उजळे, गाडी पुढे गेली की पुन्हा काळोख. विजेचा दिवा त्या काळी सामान्य माणसाच्या घरी पोहोचला नव्हता हे लक्षात घेतले म्हणजे त्या बोगद्यात माणसांचे डोळे कसे दिपत असतील हे समजेल.

या देखाव्यांनी धंदा सावरला. १८८८ पर्यंत अमेरिकेत आणि युरोपात मिळून त्यांच्या पद्धतीच्या पन्नासच्या आसपास गाड्या उभ्या राहिल्या होत्या. इंग्लंडात स्केगनेस येथे १८८५ सालीच स्विचबॅक पोहोचली होती. १८९५ साली त्यांनी स्वतःच्या नावाची सीनिक रेल्वे कंपनी काढली. पेटंटांची संख्या तीसच्या घरात गेली. रॉकअवे बीचला त्यांनी स्वतःची करमणुकीची बागही उभारली. १९०६ साली कोनी आयलंडला आलेल्या जॉन हेन्री आइल्स या इंग्रज गृहस्थांनी ही गाडी पाहिली आणि तिचे युरोपातले हक्क विकत घेतले. इंग्लंडमधील मार्गेट येथील १९२० सालची सीनिक रेल्वे त्यांनीच बांधलेली.

वेगाचा मार्ग थॉम्पसन यांनी का टाळला याचे एक यांत्रिक कारणही होते. त्यांच्या गाड्यांची चाके रुळांवर नुसती टेकलेली असत. फार जोराने शिखरावरून गेली तर गाडी रूळ सोडून उडण्याचे भय! म्हणून उतार बेताचे ठेवीत आणि गाडीच्या मध्यभागी एक माणूस ब्रेकचा दांडा धरून बसे. कोठे सोडायचे, कोठे आवळायचे हे त्याच्या हाताला ठाऊक असावे लागे. रुळांच्या खालच्या बाजूनेही चाके लावून गाडी रुळाला जखडून टाकण्याची युक्ती जॉन मिलर यांनी काढली आणि त्यानंतर उतार वाटेल तितके उभे करता येऊ लागले. मिलर यांनी उमेदवारीच्या काळात थॉम्पसन यांच्याकडेच काम केले होते. खालच्या चाकांचे पेटंट १९१९ सालचे, आणि थॉम्पसन यांनी लाँग आयलंडवरील ग्लेन कोव्ह येथील घरी देह ठेवला तोही १९१९ सालीच. वय एकाहत्तर वर्षांचे होते. प्रकृतीच्या कारणाने पस्तिशीतच मोज्यांचा धंदा सोडावा लागलेल्या माणसाला पुढे बराच काळ मिळाला असे म्हणावे लागेल.

कोनी आयलंडला सर्फ ॲव्हेन्यू आणि वेस्ट टेन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जेथे त्यांची पहिली गाडी होती असे मानतात, तेथेच १९२७ साली सायक्लोन नावाची प्रचंड लाकडी गाडी उभी राहिली. ती ताशी साठ मैलांच्या घरात जाते, म्हणजे मूळ गाडीच्या दहापट. परंतु थॉम्पसन यांचा देखाव्यांचा वारसा तिच्याकडे गेला नाही, तो वेगळ्याच घराण्यात गेला. १९६६ साली ॲरो कंपनीने टेक्ससमधील आर्लिंग्टन येथे पोलादी नळ्यांच्या रुळांवर पहिली खाणगाडी काढली. डब्यांना खाणीचे रूप दिले, बोगदे केले, आणि गाडी हातची सुटली आहे अशी गोष्ट तिच्याभोवती रचली. जॅक्सनची गाडी तिचीच धाकटी बहीण. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये टोनी बॅक्स्टर यांनी आखलेली बिग थंडर माउंटन आली. तिच्यातले नकली खडक, अंधाऱ्या गुहा आणि अचानक उजळणारे देखावे पाहिले की अटलांटिक सिटीच्या १८८७ सालच्या बोगद्याची आठवण व्हावी. ओहायोतल्या सीडर पॉइंट बागेत तर दोन्ही टोके सापडतात. तेथील पहिली गाडी १८९२ सालची स्विचबॅक, आणि १९६९ साली तेथेही खाणगाडी आली. इकडे खोपोलीजवळच्या इमॅजिका बागेतही गोल्ड रश एक्सप्रेस नावाची एक लहानशी खाणगाडी आहे. भारतात गेल्यावर नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांनी तिचे हे कुळ त्यांना जरूर सांगावे.

थॉम्पसन यांच्या काळची पद्धत प्रत्यक्ष पाहावयाची असेल तर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले पाहिजे. तेथील लूना पार्कमध्ये १९१२ सालची सीनिक रेल्वे आहे आणि तिच्या डब्यांच्या मध्ये ब्रेकवाला अजून उभा असतो. एवढ्या लांब जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी मॉक चंक जवळ आहे. मात्र नकाशावर ते नाव सापडणार नाही. १९५४ साली गावाने आपले नाव बदलून जिम थॉर्प असे ठेवले, १९१२च्या ऑलिंपिकमध्ये गाजलेल्या आदिवासी खेळाडूच्या नावावरून. रेल्वे १९३३ मध्ये बंद पडली आणि पुढे रूळ भंगारात गेले, पण तिच्या जुन्या मार्गावरून आता पायवाट केलेली आहे. न्यू जर्सीतून मोटारीने दोनेक तासांत पोहोचता येते. ऑक्टोबरात पाने रंगतात तेव्हा गर्दी फार असते, त्या आधी जावे. तुरुंगही पाहता येतो. आणि पायवाट समिट हिलच्या बाजूने धरावी हे बरे, म्हणजे सारी वाट उताराची लागते. खेचरांना जे कळले होते ते आपल्यालाही कळायला हरकत नाही.